एंजिनाचा उसना श्वास

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा हें रेल्वेचें जुनें जंक्शन. निजामाच्या राज्यांतून हैदराबादहून मनमाडला जाणारा मीटर गेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाला, आणि तेव्हांपासून कित्येक पिढ्यांनीं पूर्णेच्या फलाटावर गाडी बदलली. वाफेच्या एंजिनांचे दिवस सरत आले तेव्हां मीटर गेजवर वाय-डी-एम-४ जातीचीं डीझेल एंजिनें आलीं. अमेरिकेंतील आल्को कंपनीनें तीं १९६१ च्या सुमारास भारताला पुरविण्यास आरंभ केला व १९६८ पासून तीं वाराणशीच्या कारखान्यांत बनूं लागलीं. गाडी सुटतांना फलाटावरील माणसांना एक दृश्य नेहमीं दिसे. चालकानें गति देतांच एंजिनावर काळ्या धुराचा मोठा लोट उसळे; मग एक बारीक शीळ ऐकूं येई, ती चढत जाई, आणि शीळ चढली कीं धूर विरळ होऊन गाडी जोरानें निघे.

त्या धुराचें कारण साधें आहे. चालकानें इंधन वाढविलें, पण तें जाळण्यास लागणारी हवा त्याच क्षणीं वाढली नाहीं. हवा पुरविणारें यंत्र एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवरच फिरत होतें. वायु वाढल्याखेरीज त्याची गति वाढणार नव्हती, आणि त्याची गति वाढल्याखेरीज हवा वाढणार नव्हती. तोंवर अर्धवट जळलेलें इंधन काजळी होऊन आकाशांत जाई. या यंत्राला टर्बोचार्जर म्हणतात. पूर्णेच्या फलाटावरचें हें दृश्य आणि युरोपांतील नामांकित शर्यती गाड्यांचा इतिहास यांत एकच प्रश्न गुंतलेला आहे: एंजिनाला त्याच्या स्वतःच्या श्वासाहून अधिक हवा द्यावी काय, आणि दिल्यास तिची किंमत कशी फेडावी?

मोटारीचें एंजिन हें मूलतः श्वास घेणारें यंत्र आहे. दट्ट्या खालीं जातो, नळकांड्यांत पोकळी होते आणि बाहेरची हवा वातावरणाच्या दाबानें आंत शिरते. एक शेर पेट्रोल पुरतें जाळावयाचें तर जवळजवळ पंधरा शेर हवा लागते. पेट्रोल हवें तितकें देतां येतें. अडचण असते ती हवेची. म्हणून अधिक शक्ति हवी असेल तर मार्ग तीनच उरतात. नळकांडें मोठें करावें, फेरे वाढवावे, किंवा तितक्याच जागेंत अधिक हवा दाबून कोंबावी. पहिल्या मार्गानें वजन वाढतें, दुसऱ्यानें झीज वाढते. तिसरा दिसावयास सर्वांत सोपा. उष्ण प्रदेशांत तर त्याचें आकर्षण अधिकच. हवा तापली कीं विरळ होते. पंधरा अंशांच्या हवेशीं तुलना केली असतां पंचेचाळीस अंशांच्या हवेंत, तितक्याच जागेंत, सुमारें एक दशांश प्राणवायु कमी भरतो. मराठवाड्यांतील वैशाखाच्या दुपारीं मोटारीचा जीव कमी झाल्यासारखा वाटतो तो उगाच नव्हे.

हवा कोंबण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांत कॉनर्सव्हिल येथें रूट्स नांवाच्या दोघां बंधूंनीं १८६० मध्यें दोन फिरत्या चाकांचा वायुपंप सिद्ध केला. लोहाराचा भाता जें काम करतो तेंच काम हा पंप मोठ्या भट्ट्यांसाठीं करूं लागला. पहिल्या महायुद्धांत उंच आकाशांतील विरळ हवेंत विमानांचीं एंजिनें धापा टाकूं लागलीं, तेव्हां एंजिनाला भाता जोडण्याच्या कल्पनेचें खरें मोल कळलें. युद्ध संपल्यावर जर्मनीच्या डाइमलर कंपनीनें तो अनुभव जमिनीवर आणला आणि १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत पंप बसविलेल्या मर्सिडीज गाड्या मांडल्या. १९२३ मध्यें मोंझा येथील इटालियन ग्रां प्री फियाटनें जिंकली. पंपाच्या गाडीनें ग्रां प्री शर्यत जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढें थोड्याच वर्षांत अशा शर्यतींत पंपाशिवाय उतरणें म्हणजे एक हात बांधून कुस्ती खेळण्यासारखें झालें. एंजिनाच्या दांड्यावर फिरणाऱ्या या पंपाला सुपरचार्जर म्हणतात. इंग्रज शर्यतपटूंच्या बोलींत तो ‘ब्लोअर’, म्हणजे आपल्या चुलीपुढची फुंकणीच.

या फुंकणीवरून दोन माणसांत जो मतभेद झाला, तो मोटारींच्या इतिहासांत अजून विसरला गेलेला नाहीं. वॉल्टर ओवेन बेंटली यांनीं १९१९ सालीं आपली कंपनी काढली. त्यांची साडेचार लिटरची गाडी भक्कम म्हणून नांवाजलेली होती व तिचें एंजिन सुमारें ११० अश्वशक्ति देई. हेन्री ऊर्फ टिम बर्किन हा त्यांच्याच गाड्या शर्यतींत हांकणारा धाडसी गृहस्थ. मर्सिडीजच्या पंपवाल्या गाड्या पुढें जात असतांना बेंटलीनें जुन्याच मार्गानें चालावें हें त्याला पटेना. त्यानें ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या कुशल यंत्रज्ञाकडून एक मोठा सुपरचार्जर तयार करून घेतला आणि तो एंजिनाच्या अगदीं पुढें, दोन्ही दिव्यांच्या मध्यें, बसविला. पैसा पुरविला डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीनें. रस्त्यावरील गाडीची शक्ति त्यामुळें १७५ पर्यंत गेली आणि शर्यतीच्या गाडीची २४० अश्वशक्तीपर्यंत चढली.

बेंटली यांना ही गोष्ट मुळींच आवडली नाहीं. शक्ति हवी तर एंजिन मोठें करावें, असें त्यांचें मत होतें. जें एंजिन एका विशिष्ट दाबासाठीं आणि एका विशिष्ट उष्णतेसाठीं मोजून-मापून आंखलें, त्यांत बाहेरून दाब कोंबणें म्हणजे त्याचा स्वभावच बिघडविणें होय, असें ते मानीत. आपल्या मताप्रमाणें त्यांनीं साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’ तयार केली. परंतु कंपनीचीं आर्थिक सूत्रें वुल्फ बार्नाटो यांच्या हातीं होतीं, आणि बार्नाटो यांनीं बर्किनला अनुमति दिली. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत ही गाडी उतरविण्यासाठीं तशा पन्नास गाड्या बनविणें आवश्यक होतें. त्या पन्नास गाड्या बनल्या. एकाच कंपनीच्या छपराखालीं दोन परस्परविरोधी मतें अशा रीतीनें लोखंडांत उतरलीं.

१९३० च्या जून महिन्यांत ल मां येथें त्यांची कसोटी लागली. मर्सिडीजच्या प्रचंड गाडीवर रुडॉल्फ काराच्चिओला होता. बर्किननें तिचा असा पाठलाग केला कीं टायरच्या चिंधड्या उडाल्या तरी त्यानें वेग सोडला नाहीं. रात्रीं मर्सिडीज थकून बंद पडली. पण बर्किनची गाडी तरी कोठें टिकली? पंप बसविलेल्या दोन्ही बेंटली शर्यत संपण्यापूर्वीं निकामी झाल्या, आणि विजयाची रेघ ओलांडली ती स्पीड सिक्सनें. तिच्या चक्रावर बार्नाटो स्वतः होते. त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रींत बर्किननें हलक्या बुगाट्टींच्या घोळक्यांत आपली अवजड गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली, हें त्याच्या कौशल्याचें फळ. पण पंपाच्या बेंटलीला कोणतीहि मोठी शर्यत कधींच जिंकतां आली नाहीं. १९३१ मध्यें जागतिक मंदीच्या तडाख्यांत कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. १९३३ सालीं बर्किनचें निधन झालें.

एवढ्यावरून बेंटलींचें म्हणणें खरें आणि बर्किनचें खोटें, असा निकाल देणें घाईचें होईल. १९३२ मध्यें बर्किननें ब्रुकलंड्सच्या वर्तुळमार्गावर तशाच एका गाडीनें ताशीं १३७.९६ मैलांचा उच्चांक केला होता. तीच गाडी २०१२ सालीं लिलांवांत पन्नास लक्ष पौंडांहून अधिक किमतीस गेली. शर्यतींत हरलेलें यंत्र माणसांच्या मनांत जिंकलें, असेंच म्हणावें लागतें. पण मन जिंकणें निराळें आणि चोवीस तास टिकणें निराळें, हा धडा मात्र उरलाच.

सुपरचार्जरचा एक उपजत दोष असा कीं तो एंजिनाच्याच शक्तीवर चालतो. हातानें कमवावें आणि त्यांतलेंच भाडें भरावें, तसा प्रकार. यावरचा उपाय स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या यंत्रज्ञाला सुचला. जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश भाग धुराबरोबर वायां जातो. त्या धुराच्या वाटेंत पात्यांचें एक चाक बसवावें आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारें चाक ठेवावें, ही ब्यूखीची युक्ति. १९०५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. परंतु तप्त वायूंत टिकणारी धातु आणि असह्य वेगांत टिकणारा बेअरिंग यांच्या अभावीं ती वीस वर्षें जवळजवळ कागदावरच राहिली. पुढें ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डीझेल एंजिनांवर ती बसविण्यांत आली, तेव्हां प्रत्येक एंजिनाची शक्ति १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

दरम्यान अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें १९१८ मध्यें विमानाचें एक लिबर्टी एंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स शिखरावर, चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर, नेलें. सपाटीवर सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन शिखरावर २३० वर घसरलें. टर्बोचार्जर जोडतांच तें ३५० च्याहि किंचित् पुढें गेलें. विरळ हवेनें हिरावलेला श्वास यंत्रानें परत मिळवून दिला, हें डोळ्यांनीं पाहतां आलें. दुसऱ्या महायुद्धांत याच मार्गानें अमेरिकन बाँबफेकी विमानें अतिउंचावर चढलीं.

शर्यतींत ही युक्ति आली ती एका डीझेल गाडीच्या रूपानें, आणि तिचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९५२ सालीं इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतींत कमिन्स कंपनीनें टर्बोचार्जर बसविलेली डीझेल गाडी उतरविली. सर्व पेट्रोल गाड्यांना मागें टाकून तिनें रांगेंतील पहिलें स्थान मिळविलें. पण तिच्या टर्बोचार्जरचें हवेचें तोंड जमिनीलगत होतें. पुढील गाड्यांच्या टायरांचा उडणारा रबरी कचरा त्यांत अडकत गेला, श्वास कोंडला, आणि सत्तर फेऱ्यांनंतर गाडी बाजूला झाली. दहा वर्षांनीं, १९६२ मध्यें, याच कमिन्सनें किर्लोस्करांच्या भागीदारींत पुण्याजवळ कोथरूड येथें कारखाना काढला. धूळ आणि ऊन यांनीं भरलेल्या देशांत हवा गाळणाऱ्या जाळीचें महत्त्व काय, हें त्या एका शर्यतीनें आधींच सांगून ठेवलें होतें.

त्याच १९६२ सालीं अमेरिकेंत टर्बोचार्जर प्रथमच सामान्य गिऱ्हाइकांच्या मोटारींत आला. ओल्डस्मोबिलच्या ‘जेटफायर’ची कथा येथें विशेष बोधप्रद आहे. तिच्या साडेतीन लिटरच्या एंजिनांत हवा आधींच बरीच दाबली जात असे. आकुंचनाचें प्रमाण सव्वादहास एक होतें. त्यावर आणखी दाब आला कीं मिश्रण वेळेपूर्वीं पेटून दट्ट्यावर हातोड्यासारखे ठोके बसत. तो धोका टाळण्यासाठीं कंपनीनें पाणी व मद्यार्क यांचें मिश्रण एका निराळ्या टांकींतून आंत शिंपडण्याची सोय केली. एंजिनाचें गणित बरोबर होतें, माणसाचें चुकलें. मालक ती टांकी भरावयास विसरत. कित्येक गाड्यांवरून अखेर टर्बोचार्जर उतरविण्यांत आला व दोन वर्षांत हा प्रयोग आटोपला. एंजिनांत काय घालावें याबरोबरच तें सांभाळणार कोण, याचाहि विचार हवा, असें जेटफायरनें शिकविलें.

बीएमडब्ल्यूची गोष्ट याच्या उलट. तिच्या ‘२००२’ या लहानशा गाडीला १९७३ मध्यें टर्बोचार्जर मिळाला. येथें कर्त्यांनीं एंजिनाचें आकुंचन आधीं उतरवून ६.९ वर आणलें, मगच बाहेरचा दाब चढविला. शक्ति १७० अश्वशक्ति झाली. पुढच्या पट्टीवर गाडीचें नांव उलट्या अक्षरांत लिहिलेलें असे. पुढच्या मोटारवाल्यानें आरशांत तें सरळ वाचावें आणि वाट द्यावी, हा त्यांतला तोरा. पण मुहूर्त वाईट निघाला. त्याच हिंवाळ्यांत तेलाची जागतिक टंचाई ओढवली, आणि अवघ्या १,६७२ गाड्यांनंतर ती बंद झाली. तरीहि त्या एंजिनाचा ओतीव सांगाडा इतका दणकट निघाला कीं त्याच घराण्याच्या दीड लिटरच्या टर्बो एंजिनानें १९८३ मध्यें नेल्सन पिके याला फॉर्म्युला वनचें विश्वविजेतेपद मिळवून दिलें. टर्बोच्या गाडीनें तो मान मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. जुनें एंजिन नवा श्वास पेलूं शकतें, पण त्याचीं हाडें मुळांतच तशीं असावीं लागतात.

पुण्यांतहि असा एक प्रयोग घडला. टाटा कंपनीनें १९९१ सालीं ‘सिएरा’ ही तीन दारांची गाडी काढली. शहरी तरुणांना तिचें फार अप्रूप वाटलें. तक्रार एवढीच कीं १,९४८ घनसेंटिमीटरचें तिचें डीझेल एंजिन त्या अवजड अंगाला पुरें पडत नसे. घाट चढतांना ती धापा टाकी. त्याच दशकांत पुढें त्याच मापाच्या एंजिनाला टर्बोचार्जर जोडण्यांत आला आणि साठ-पासष्टच्या घरांतील शक्ति नव्वदीच्या घरांत गेली. १९९८ मध्यें आलेली ‘सफारी’ याच एंजिनावर निघाली. नळकांड्यांचें माप तेंच, घाटहि तोच. फरक पडला तो हवेचा.

या सर्व कथांवरून, जुन्या नामांकित शर्यती गाडीच्या एंजिनाला टर्बोचार्जर जोडूं पाहणाऱ्या मालकापुढें काय काय उभें राहतें तें ध्यानांत येईल. बाजारांतून यंत्र आणून चार बोल्ट आंवळण्याचें हें काम नव्हे. हवा दाबली कीं ती तापते आणि तापली कीं पुन्हां विरळ होते; म्हणून ती थंड करणारी जाळी वाटेंत हवी. आकुंचन उतरवावें लागतें. ठिणगी किंचित् उशिरा पडावी लागते. वायुप्रवाहावर पेट्रोल शिंपडणारा जुना कार्ब्युरेटर दाबाखालीं गोंधळतो. नळकांड्यांच्या माथ्याखालचें गॅस्केट, दट्ट्यांच्या कड्या, पाण्याचा पंप, क्लच, गिअर आणि ब्रेक हे सर्व जुन्या शक्तीच्या हिशेबानें बनलेले असतात. शिवाय टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो तो केवळ तेलाच्या पातळ थरावर. लांबच्या प्रवासानंतर एंजिन एकदम बंद केलें तर तेलाचा पुरवठा थांबतो, पण चाक मात्र लालबुंदच असतें. दांड्यावरचें तेल जळून तेथें कोळसा होतो. म्हणून जाणते ट्रकचालक धाब्यावर पोहोंचल्यावरहि एंजिन मिनिटभर मंद चालूं देतात. दमल्या बैलांना उभ्या उभ्या जूं काढून लगेच पाणी दाखवूं नये, हें ज्ञान खेड्यांत पूर्वींपासून आहे. हें त्याचेंच दुसरें रूप.

आणखी एक प्रश्न यंत्रशास्त्राच्या पलीकडचा आहे. जुनी गाडी ही केवळ वाहन नसते. ती आपल्या काळाचा दस्तऐवज असते. तिच्यांतील प्रत्येक माप त्या काळची धातु, त्या काळचें पेट्रोल आणि त्या काळच्या कारागिराची समज सांगत असतें. एखाद्या बखरींत आजच्या माणसानें चार ओळी घुसडल्या तर मजकूर वाढतो, पण साक्ष बिघडते. उलट बर्किनच्या गाडीवरची फुंकणी आज कोणी उतरवूं म्हणेल तर तेंहि तितकेंच चूक ठरेल. कारण तो हट्ट त्याच काळांतला आहे आणि आतां तोहि इतिहासाचा भाग झाला आहे. म्हणून सुज्ञ मालक जुनें एंजिन जसेंच्या तसें तेल लावून जपून ठेवतात आणि प्रयोग करावयाचाच तर दुसऱ्या एंजिनावर करतात. परतीची वाट मोकळी असावी, एवढी सावधगिरी पुरेशी आहे.

पूर्णेच्या मार्गावरील मीटर गेज आतां इतिहासजमा झाला. मनमाडकडची वाट १९९० नंतरच्या दशकांत रुंद झाली आणि अकोल्याकडची २००८ मध्यें. त्या रुंद रुळांवर सोळा नळकांड्यांचीं, २,६०० अश्वशक्तीचीं डब्ल्यू-डी-एम-२ एंजिनें तोच धूर सोडीत आणि तीच शीळ घालीत आलीं. या दोन्ही जातींच्या एंजिनांना टर्बोचार्जर मागाहून चिकटविलेला नव्हता. दट्ट्या, दांडा आणि बेअरिंग त्याचा भार जन्मापासून गृहीत धरून घडविलेले होते. म्हणूनच मराठवाड्याच्या धुळींत आणि उन्हांत त्यांनीं वर्षानुवर्षें डबे ओढले. बेंटली यांचा आक्षेप आणि बर्किनची उमेद यांचा मेळ असा एका मालगाडीच्या एंजिनांत बसला. श्वास उसना घेतां येतो. मात्र तो पेलणारी छाती आधीं घडवावी लागते.